जोडीदार बदलले, जिंकणं थांबलं नाही: कोरियाचा दुहेरीपटू सेओ सेउंग-जे

2025 च्या सप्टेंबरमध्ये चायना मास्टर्स या बॅडमिंटन स्पर्धेच्या पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी 19-21, 15-21 असे हरले. समोर होते कोरियाचे किम वोन-हो आणि सेओ सेउंग-जे. त्याच वर्षी जानेवारीत मलेशिया ओपनच्या उपांत्य फेरीतही हीच जोडी आडवी आली होती. 2024 च्या जानेवारीत दिल्लीला इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात आपल्या जोडीला हरवणाऱ्यांमध्येही सेओ होताच. फक्त तेव्हा त्याच्या बाजूला किम नव्हता, कांग मिन-ह्योक होता.

मुंबईच्या चिरागचे सामने आवर्जून पाहणाऱ्यांचाही इथे गोंधळ उडतो. सेओ आणि कांग हे 2023 चे विश्वविजेते. अशी जोडी कोणी मोडतं का? आणि मोडल्यावर तोच माणूस दुसऱ्या जोडीदाराबरोबर वर्षात 11 स्पर्धा कशा जिंकतो? सेओची कारकीर्द नीट पाहिली तर कोरियात दुहेरीचा खेळाडू घडवण्याची रीतच आपल्यापेक्षा वेगळी आहे, हे लक्षात येतं. कोरियन नावात आडनाव आधी येतं, म्हणून इथे त्याला सेओ म्हटलं आहे.

दुहेरीत दोघं नेमकं करतात काय?

दुहेरीचं कोर्ट 13.4 मीटर लांब आणि 6.1 मीटर रुंद असतं. एकेरीपेक्षा रुंदी एक मीटरही वाढत नाही, पण माणसं दुप्पट होतात. त्यामुळे मोकळी जागा कमी आणि फुलाचा (शटलचा) वेग जास्त.

मुळात उभं राहण्याच्या दोनच पद्धती आहेत. आपण स्मॅश (वरून खाली जोरदार फटका) मारत असू तर एक जण मागे आणि एक नेटजवळ. समोरचे स्मॅश मारत असतील तर दोघं शेजारी-शेजारी, अर्धं-अर्धं कोर्ट वाटून. एका रॅलीत हे चार-पाच वेळा बदलू शकतं. बचावातून हल्ल्यात आणि पुन्हा बचावात येताना दोघांनी जागा बदलत राहण्याला रोटेशन म्हणतात. दुहेरीची खरी विद्या ही. टीव्हीवर आपली नजर फुलामागे धावते, म्हणून ती दिसत नाही. एकाने मागून ड्रॉप (नेटलगत अलगद पडणारा फटका) टाकला आणि तो नेटकडे धावला, तर दुसऱ्याने त्याच क्षणी मागची जागा धरायला हवी. हाक मारून सांगायला वेळच नसतो.

सेओ डावखुरा आहे आणि किम उजव्या हाताने खेळतो. उजव्या हाताच्या खेळाडूला मागच्या डाव्या कोपऱ्यातून जोरदार स्मॅश मारायला त्रास होतो. त्याला एक तर डोक्यावरून हात फिरवावा लागतो, नाही तर बॅकहँड लावावा लागतो. डावखुऱ्याला तोच कोपरा सोयीचा. जोडीत दोन्ही हात असले की मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून फोरहँडचा जोरदार फटका मिळतो. याची किंमतही असते. फूल मधोमध आलं की दोन्ही रॅकेटी एकाच वेळी तिकडे वळतात आणि कोणी घ्यायचं यात क्षणभर घोटाळा होतो. हा घोटाळा फक्त सरावानेच जातो.

मग रँकिंग कोणाचं असतं?

जोडीचं. जागतिक रँकिंगमध्ये गेल्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम 10 निकालांचे गुण धरले जातात आणि दुहेरीत ते जोडीच्या नावावर जमा होतात. बँकेतल्या संयुक्त खात्यासारखं हे आहे. दोघांनी मिळून भरलेले पैसे त्याच खात्यात राहतात, आणि त्यातल्या एकाने तिसऱ्याबरोबर नवं खातं उघडलं तर त्याची पासबुकाची पानं कोरी असतात.

रँकिंग खाली असलं की मोठ्या स्पर्धेत मानांकन मिळत नाही, आणि मानांकन नसलं की पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बलाढ्य जोड्या समोर येतात. ऑलिंपिकची पात्रताही जोडीच्याच गुणांवर ठरते. म्हणून बहुतेक देश जमलेली जोडी मोडायला धजावत नाहीत. किम आणि सेओ 2025 च्या सुरुवातीला एकत्र आले आणि त्याच वर्षी जुलैत जागतिक क्रमवारीत पहिले झाले. सात महिन्यांत.

हा सेओ आहे तरी कोण?

जन्म 1997 चा, उत्तर जेओला प्रांतातल्या बुआनचा. शिक्षण वोनक्वांग विद्यापीठात. कोरियाला 2004 च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीचं सुवर्ण जिंकून देणारे किम दाँग-मून याच विद्यापीठात प्राध्यापक होते. सेओ पुढे सॅमसंग लाइफच्या संघात आला. कोरियात मोठ्या कंपन्या आणि नगरपालिका पगारी संघ ठेवतात. खेळाडूचं पोट तिथे भरतं, आणि राष्ट्रीय संघात निवड झाली की तो जिंचनच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात राहायला जातो. वर्षातला बराच काळ घर तेच.

टोकियो ऑलिंपिकमध्ये तो दोन प्रकारांत उतरला. चोई सोल-ग्यूबरोबर पुरुष दुहेरीत गटातच बाद, चे यू-जंगबरोबर मिश्र दुहेरीत उपांत्यपूर्व फेरीत पराभव. इतकं झाल्यावर दोन्ही प्रकारांचा नाद सोडून एकावरच लक्ष दे, असाच सल्ला कोणीही दिला असता. त्याने दोन्ही चालू ठेवले.

2023 च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. एकाच दिवशी सेओचे दोन अंतिम सामने होते. मिश्र दुहेरीत त्याने आणि चे यू-जंगने चीनच्या झेंग सिवेई आणि हुआंग याचिओंग यांना तीन गेममध्ये हरवलं. झेंग-हुआंग ही त्या काळातली मिश्र दुहेरीतली सर्वांत धाकाची जोडी. मग पुरुष दुहेरीत कांगबरोबर डेन्मार्कच्या किम आस्त्रुप आणि आंदर्स रासमुसेन यांच्याशी गाठ. सगळं स्टेडियम डॅनिश जोडीच्या बाजूने. पहिला गेम 14-21 असा गेला आणि पुढचे दोन 21-15, 21-17 असे आले. याच आस्त्रुप-रासमुसेन जोडीने त्या स्पर्धेत सात्विक-चिरागला उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं होतं.

एकाच जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णपदकं. कोरियात हे आधी पार्क जू-बाँग आणि किम दाँग-मून यांनीच केलं होतं. पार्क यांनी 1985 आणि 1991 मध्ये, किम यांनी 1999 मध्ये. हा पराक्रम आपल्याकडे फारच कमी बोलला गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन प्रकार खेळणं अंगावर येत नाही का?

येतं, आणि ते सगळ्या जगाने पॅरिसमध्ये पाहिलं.

2024 च्या ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्टला पुरुष दुहेरीची उपांत्यपूर्व आणि मिश्र दुहेरीची उपांत्य फेरी होती. पुरुष दुहेरीत सेओ आणि कांग त्याच आस्त्रुप-रासमुसेनकडून हरले. मिश्र दुहेरीत सेओ आणि चे यांच्यासमोर उभे होते त्यांच्याच देशाचे किम वोन-हो आणि जंग ना-उन. पहिला गेम किम-जंगचा 21-16. दुसरा सेओ-चेने 22-20 असा ओढून घेतला. तिसऱ्या गेममध्ये किमला उलटीची उबळ आली. पंचांना सांगून तो कोर्टाच्या कडेला गेला, डॉक्टरांनी पिशवी पुढे धरली, त्यात ओकून झाल्यावर तो परत येऊन सर्व्हिस घ्यायला उभा राहिला. पलीकडे सेओ थांबलेला. दोघंही रोज जिंचनला एकाच हॉलमध्ये सराव करणारे. तिसरा गेम किम-जंगने 23-21 असा जिंकला.

दुसऱ्या दिवशी कांस्यपदकाच्या सामन्यात सेओ-चे जपानच्या वातानाबे-हिगाशिनो जोडीकडून हरले. एक वर्षाआधी दोन विश्वविजेतेपदं मिळवलेला माणूस ऑलिंपिकमधून एकही पदक न घेता परतला. किम-जंगला रौप्य मिळालं.

मग विश्वविजेती जोडी मोडली कशासाठी?

पॅरिसनंतर सेओने मिश्र दुहेरी थांबवली आणि पुरुष दुहेरीत त्याला जोडीला मिळाला किम. काही वर्षांपूर्वी दोघं थोडा काळ एकत्र खेळलेही होते, त्यामुळे ओळख नव्याने करून घ्यायची नव्हती. माझ्या मते खरं कारण दोघांच्या मिश्र दुहेरीच्या अनुभवात आहे. मिश्र दुहेरीत साधारणपणे बाई नेटजवळ असते आणि मागचं सगळं कोर्ट पुरुषाला एकट्याने सांभाळावं लागतं. असं वर्षानुवर्षं खेळलेले दोन पुरुष एकत्र आले की दोघांनाही मागून हल्ला करता येतो, दोघांनाही कुठल्याही कोपऱ्यातून सावरता येतं. रोटेशन अर्धवट राहिलं तरी भगदाड पडत नाही.

कोरियन पद्धतीचं सार मला इथे दिसतं. मुलगा शाळेत असल्यापासून त्याला अमुक एका मित्राचा जोडीदार म्हणून तयार करत नाहीत. सर्व्हिस, सर्व्हिस परतवणं, छातीच्या उंचीवरचे सपाट वेगवान फटके, स्मॅश अडवणं आणि जागा बदलणं या गोष्टी सगळ्यांना एकाच साच्यात शिकवल्या जातात. त्यामुळे नव्या जोडीदाराची सवय होण्यात जो वेळ जातो, तो फार कमी होतो.

याला पुरावा 2025 मध्येच आहे. किमबरोबर सेओने मलेशिया ओपन, जर्मन ओपन, ऑल इंग्लंड, इंडोनेशिया ओपन, जपान ओपन, जागतिक अजिंक्यपद, चायना मास्टर्स, कोरिया ओपन, फ्रेंच ओपन, जपान मास्टर्स आणि वर्षअखेरीचं वर्ल्ड टूर फायनल्स अशी 11 विजेतेपदं घेतली. जपानच्या केंतो मोमोताने 2019 मध्ये एकेरीत केलेल्या विक्रमाची ही बरोबरी. पण सेओच्या नावावर त्या वर्षी 12 विजेतेपदं आहेत. बारावं थायलंड मास्टर्सचं, आणि ते त्याने जिन योंगबरोबर जिंकलं. कारकिर्दीतल्या सर्वांत मोठ्या वर्षातही मध्येच एक स्पर्धा दुसऱ्या जोडीदाराबरोबर खेळून जिंकायची! मला तर त्या 11 विजेतेपदांपेक्षा हे एक जास्त बोलकं वाटतं.

जागतिक अजिंक्यपद त्या वर्षी पॅरिसलाच होतं, ऑलिंपिकच्याच हॉलमध्ये. अंतिम सामन्यात किम-सेओने चीनच्या चेन बोयांग आणि लिऊ यी यांना 21-17, 21-12 असं सरळ हरवलं. सेओचं हे तिसरं विश्वविजेतेपद, तिसऱ्या जोडीदाराबरोबर.

मग जोडी टिकवण्याला काही अर्थच नाही?

आहे, भरपूर आहे. इंडोनेशियाचे मोहम्मद अहसान आणि हेंद्रा सेतियावान वर्षानुवर्षं एकत्र खेळून तीनदा विश्वविजेते झाले. तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनी टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. सात्विक-चिरागची सगळी कमाईसुद्धा एकत्र राहण्याची आहे. फरक इतकाच, की या देशांत जोडी हे एकक आहे आणि कोरियात खेळाडू हे एकक आहे.

कोरियाची रीत जुनी आहे. आतापर्यंतच्या ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची 7 सुवर्णपदकं कोरियाने मिळवली, त्यातली 5 दुहेरीची. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना कोरियनच होते. एकीकडे पार्क जू-बाँग आणि रा क्युंग-मिन, दुसरीकडे किम दाँग-मून आणि गिल योंग-आ. जिंकले किम-गिल. पुढे जागतिक स्पर्धेत किम दाँग-मून खेळले ते मात्र रा क्युंग-मिनबरोबर, आणि 1999 चं मिश्र दुहेरीचं विश्वविजेतेपद त्यांनी तिच्याच साथीने घेतलं.

ही नावं लक्षात ठेवायला हवीत, कारण तीच माणसं आज सेओच्या आजूबाजूला आहेत. गिल योंग-आ ही किम वोन-होची आई. पार्क जू-बाँग जवळपास वीस वर्षं जपानच्या संघाला घडवून 2025 मध्ये कोरियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. किम दाँग-मून त्याच वर्षी कोरियन बॅडमिंटन संघटनेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. ज्या गिलने अंतिम सामन्यात हरवलं, तिच्या मुलाला आज पार्क शिकवतात. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी किम वोन-हो म्हणाला होता, की आजवर मी गिल योंग-आचा मुलगा म्हणून जगलो, आता आई किम वोन-होची आई म्हणून जगेल.

सैन्याचा विषय सारखा मध्ये का येतो?

कोरियात सुदृढ तरुणांना सैन्यसेवा सक्तीची आहे, सुमारे दीड वर्षाची. खेळाडूसाठी ही ऐन विशीतली वर्षं. ऑलिंपिकमध्ये कुठलंही पदक किंवा आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळालं, तर काही आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण घेऊन तो आपल्या खेळातच राहू शकतो, सोबत ठरावीक तास समाजसेवा करावी लागते. जागतिक अजिंक्यपद मात्र या सवलतीत मोजलं जात नाही. दोन काय, दहा वेळा विश्वविजेते झालात तरी नाही.

म्हणून ली याँग-देचं नाव कोरियात अजून घेतलं जातं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये वयाच्या 19 व्या वर्षी त्याने ली ह्यो-जंगबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं आणि सैन्याचा प्रश्न तेव्हाच मिटवला. पुढे हाच ली प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये मुंबई रॉकेट्सकडून खेळला. आपल्यापैकी काहींनी त्याला प्रत्यक्ष पाहिलंही असेल.

आता 2023 ची हांगझोची आशियाई स्पर्धा आठवा. पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात सात्विक-चिरागने 21-18, 21-16 असा विजय मिळवला आणि भारताला बॅडमिंटनमधलं पहिलं आशियाई सुवर्ण मिळालं. त्या दिवशी आपण नाचलो. समोरच्या कोर्टात हरलेला एक जण होता किम वोन-हो. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात त्याच्यासाठी दीड वर्षाच्या सैन्यसेवेचं अंतर होतं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये ओकूनही तो पुन्हा कोर्टावर का उभा राहिला, हे यातून थोडं कळतं. ऑलिंपिकच्या रौप्यपदकाने त्याची सैन्यसेवा सुटली.

एवढं सगळं चांगलं असेल तर कोरियन खेळाडू तक्रार का करतात?

कारण ज्या पद्धतीत खेळाडू कुणाबरोबरही जोडता येतो, तिथे जोडायचं कोणी हा प्रश्न येतो, आणि तो अधिकार खेळाडूकडे नसतो. पॅरिसमध्ये महिला एकेरीचं सुवर्ण जिंकल्या-जिंकल्या आन से-यंगने संघटनेच्या कारभारावर उघड टीका केली. तिने दुखापतींच्या हाताळणीपासून एकेरी-दुहेरीला एकाच मापाने मोजण्यापर्यंत बरंच काही मांडलं. त्यानंतर कोरियाच्या क्रीडा मंत्रालयाने संघटनेची चौकशी लावली. दुहेरीच्या राष्ट्रीय निवडीत सामन्यांच्या निकालांखेरीज परीक्षकांचेही गुण धरले जात, त्यावर बोट ठेवलं गेलं. जोडीतल्या दोघांपैकी चांगलं कोण खेळलं हे निकालावरून कळत नाही, म्हणून परीक्षक आले. पण परीक्षक आले की मर्जी येते. यावर निर्दोष उत्तर मला तरी दिसत नाही.

आणखी एक नियम होता. राष्ट्रीय संघ सोडलेल्या खेळाडूला स्वतःच्या खर्चाने परदेशी स्पर्धा खेळायच्या तर पाच वर्षं संघात काढलेली असावीत आणि पुरुषाचं वय 28, स्त्रीचं 27 झालेलं असावं. त्याआधी ही वयाची अट याहूनही कडक होती. को सुंग-ह्युन आणि शिन बेक-चोल हे 2014 चे विश्वविजेते तिच्याविरुद्ध कोर्टात गेले आणि तिथे त्यांच्या बाजूने निकाल लागला. ज्या साच्याने इतके विजेते घडवले, त्याच साच्याने माणसांना अडकवूनही ठेवलं. सेओच्या यशाचं कौतुक करताना ही बाजू झाकणं मला पटत नाही.

आपल्याकडे असं का होत नाही?

आपल्याकडे मुलांना आधी एकेरी. तिथे जमलं नाही की दुहेरी. पालकही तसेच, अकादम्याही तशाच. सात्विक आणि चिरागला टॅन किम हर या मलेशियन प्रशिक्षकांनी एकत्र आणलं, तेव्हा दोघंही जोरात स्मॅश मारणारे, मग नेटवर कोण खेळणार अशी शंका अनेकांना होती. ती जोडी जमली आणि देशाचं नाव झालं. पण त्यांच्यापैकी एकाचा खांदा किंवा पाठ दुखावली की पुरुष दुहेरीत भारताचं सगळंच थांबतं, कारण उरलेल्याबरोबर उद्या सकाळी उभा राहून वरच्या पातळीवर खेळेल असा तिसरा माणूस आपण तयार केलेला नाही.

थोडी वेगळी वाट दिसते ती गोव्याकडून खेळणाऱ्या तनिषा क्रास्तोच्या कारकिर्दीत. तिने दुहेरीच निवडली, महिला दुहेरीत अश्विनी पोनप्पाबरोबर पॅरिस ऑलिंपिक खेळली आणि मिश्र दुहेरीत ध्रुव कपिलाबरोबर 2025 च्या जागतिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली. दोन प्रकार, दोन जोडीदार, दोन वेगळ्या जागा. अशा खेळाडूंची एक रांग उभी करायची तर बारा-तेरा वर्षांच्या मुलांना जिल्ह्याच्या स्पर्धांपासूनच एकेरीइतकेच दुहेरीचे सामने मिळायला हवेत, आणि दर महिन्याला शेजारी नवा जोडीदार उभा करून सराव करून घेणारे प्रशिक्षक हवेत. असे प्रशिक्षक आज आपल्याकडे मोजकेच आहेत.